वेंगुर्ल्याची वखार आणि केपचा किल्ला

यंत्रमागाच्या धंद्यात तीस वर्षं गेली, पण किल्ले बघायचा नाद त्याच्याही आधीचा. वेंगुर्ल्याची डच वखार तीनदा पाहिली. मुलगी-जावई केपटाउनला असल्याने तिथला डचांचा किल्लाही पाहिला. दोन्ही बांधकामं एकाच डच ईस्ट इंडिया कंपनीची. त्यातून उमगलेलं लिहून ठेवतो.

१. बुरुजाआधी गोदाम शोधावं.
पहिल्या खेपेला मी वेंगुर्ल्यात तोफांच्या जागा हुडकत बसलो आणि तसाच परतलो. दुसऱ्या खेपेला भिंतींची जाडी हाताने मोजली, तेव्हा आमचं सुताचं गोदामच आठवलं. माल कोरडा राहावा आणि चोरीला जाऊ नये, याचीच सगळी काळजी. हिंदुस्थानातलं कापड जावा-मलाक्काकडे न्यायचं आणि त्याच्या बदल्यात मिरी, लवंग, जायफळ उचलायचं, हा कंपनीचा मोठा व्यवहार होता. मसाल्याचा इतिहास वाचताना आपण विणकराला विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

२. जागा का निवडली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.
१६३७ मध्ये डचांनी विजापूरच्या आदिलशाही दरबाराकडून वेंगुर्ल्यात वखारीची परवानगी मिळवली. दक्षिणेला जवळच पोर्तुगीजांचा गोवा. त्या वर्षांत डच गलबतं हंगाम धरून गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदीला उभी राहत. त्यांना पाणी, धान्य आणि बातमी लागे, ती वेंगुर्ल्यातून मिळे. इथूनच बटाव्हियाला, कंपनीच्या जावातल्या मुख्य ठाण्याला, पत्रं जात, आणि शिवाजी महाराजांच्या हालचालींची खबरही त्यांत असे. शिवकाळाचे अभ्यासक आजही ती पत्रं धुंडाळतात. पडक्या भिंतींपेक्षा ते कागद जास्त बोलतात, असं माझं मत आहे.

केपचंही कारण पाणी आणि भाजीपाला. ६ एप्रिल १६५२ ला कंपनीचा माणूस यान व्हान रिबेक तिथे उतरला, तो हिंदी महासागराकडे येणाऱ्या जहाजांसाठी मळा लावायला. पण जिथे मळा लागला, तिथे मूळच्या खोइखोइ लोकांची गुरं चरत. १६५९ मध्ये पहिली लढाई पेटली ती याच कुरणांवरून.

३. मातीचा किल्ला आधी, दगडाचा नंतर.
केपचा पहिला कोट माती-लाकडाचा होता. आजचा पाच बुरुजांचा दगडी किल्ला १६६६ ते १६७९ या काळात उभा राहिला.

४. किल्ला पाहिल्यावर माणसांची नावं शोधावीत.
केपच्या जुन्या दप्तरांत गुलामांची नावं ‘बंगालची’, ‘मलबारचा’ अशी सापडतात. मूळ नाव गेलं, राहिला फक्त किनारा. आपल्याच किनाऱ्यांवरून नेलेली ही माणसं. जावयाने हे सांगितलं तेव्हा आम्ही किल्ल्याच्या चौकात उभे होतो, ऊन कडक होतं. मुलीने हळूच माझा हात धरला. पुढचा अर्धा तास कुणी फोटो काढला नाही.

५. आपल्या गावाचा धागा सोडू नये.
आमच्या इचलकरंजीच्या घोरपडे जहागीरदारांचे मूळपुरुष नारो महादेव जोशी हे वेंगुर्ल्याजवळच्या म्हापणचे. संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने वर आले आणि कृतज्ञतेने त्यांचंच आडनाव घेतलं. आंबोली घाट उतरताना दरवेळी हे मनात येतं. ज्या किनाऱ्यावर डच व्यापाराला आले, तिथूनच आमच्या गावाचा कर्ता माणूस घाटावर आला.

६. वेंगुर्ल्याला जायचं तर डिसेंबरात.
पावसानंतर लगेच गेलात तर रान गुडघाभर असतं. गवत वाळलं की जांभ्याची भिंत मोकळी दिसते. सांध्यांत मुळं शिरली आहेत, ती ओढून काढू नयेत. मुळासकट चुना सुटतो आणि वरचा चिरा खाली येतो. तिसऱ्या खेपेला असाच एक चिरा माझ्यासमोर निखळून पडला, ओला, लालभडक, मुठीत चुरा होणारा.