विज्ञानकथेवरचा लेख तपासून देताना

मराठी विकिपीडियावर कुणी विज्ञानकथेवर लेख लिहिला आणि ‘जरा नजर टाकता का?’ असं म्हटलं, तर आधी त्यालाच विचारून घ्या की नेमकं काय बघायचं आहे. भाषा, संदर्भ, मांडणी की सगळंच? उत्तर मिळाल्यावर लेख एकदा सलग वाचा आणि त्या वाचनात ‘संपादन’वर बिलकूल टिचकी मारू नका. तपासणाऱ्याने सुरुवातीलाच दुरुस्त्या केल्या की लेख कुणाचा आणि चूक कुणाची, हे कळेनासं होतं.

दुसऱ्या वाचनाला वही घ्या. ‘पहिला’, ‘जनक’, ‘भाकीत’, ‘सर्वात’ हे शब्द जिथे दिसतील ते वाक्य उतरवून काढा. विज्ञानकथेवरच्या लेखांत सगळ्यात जास्त चुका याच शब्दांच्या आडोशाला सापडतात.

उदाहरणार्थ, लेखात असं वाक्य आहे असं समजा: ‘समुद्रात २०,००० लीग खोल जाणाऱ्या पाणबुडीची कल्पना करून ज्यूल व्हर्नने पाणबुडीचं भाकीत केलं.’ एका वाक्यात दोन चुका. फ्रेंच लीग सुमारे ४ किलोमीटरचा, म्हणजे २०,००० लीग झाले ८०,००० किलोमीटर. पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा तो आकडा खोलीचा नाही, पाण्याखालून केलेल्या प्रवासाच्या अंतराचा आहे. आणि भाकिताचं म्हणाल, तर व्हर्नची ही पाणबुडीची कादंबरी पुस्तकरूपाने पूर्ण झाली १८७० मध्ये. रॉबर्ट फुल्टनने ‘नॉटिलस’ नावाची पाणबुडी फ्रान्समध्ये १८०० सालीच पाण्यात उतरवली होती. व्हर्नच्या पाणबुडीचं नावही तेच आहे. असं वाक्य नुसतं खोडून भागत नाही. व्हर्नने त्याच्या काळातल्या यंत्रातून काय फुलवलं, हे लेखकाने लिहावं असं सुचवा. लेखाला खरी गोडी त्यानेच येईल.

मराठीपुरतं असं वाक्य म्हणजे ‘नारळीकर हे मराठीतले पहिले विज्ञानकथाकार’. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. या साहित्यप्रकाराला मराठीत प्रतिष्ठा मिळण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, पण तो सांगायला ‘पहिले’ हा शब्द लागत नाही. १९००च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकात व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं मराठी रूप येत होतं आणि भा. रा. भागवतांनी तर व्हर्न घरोघरच्या मुलांपर्यंत नेला.

मग संदर्भ. प्रत्येक दुवा उघडा आणि लेखातलं विधान तिथे खरोखर आहे का ते बघा. नुसता दुवा चालतो एवढ्यावर खूण करू नका. वर्तमानपत्रातला मजकूर लेखाशी शब्दशः जुळला, तर ‘इतिहास पहा’मध्ये जाऊन तारखा ताडून बघा. कधी कधी बातमीदारानेच विकिपीडियावरून उचललेलं असतं आणि तीच बातमी पुढे संदर्भ म्हणून लेखात येऊन बसते. उलट, पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर लेखात उतरला असेल, तर तो प्रताधिकाराचा प्रश्न आहे. ते लगेच कळवा, बाकीची तपासणी संपेपर्यंत थांबू नका.

कथानकाच्या विभागात एकच गोष्ट बघायची: कथेतलं काय आणि जगातलं काय, हे वाचणाऱ्याला वेगळं दिसतं का. ‘शास्त्रज्ञांनी कालयान बनवलं’ असं मोकळं वाक्य नको, ‘कथेतले शास्त्रज्ञ कालयान बनवतात’ असं हवं. शेवट उघड केला म्हणून तक्रार करू नका. विश्वकोशात शेवट सांगायचाच असतो.

आता काय राहून गेलं ते शोधा. इंग्रजी लेखावरून भाषांतर झालं असेल, तर शेली, वेल्स, असिमोव्ह, क्लार्क ओळीने सापडतील. जगदीशचंद्र बोस यांची १८९६ची बंगाली कथा किंवा रुकय्या हुसेन यांची १९०५ची ‘सुलतानाज ड्रीम’ आहे का? बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे आहेत का? मराठी वाचक आपल्या भाषेतला लेख उघडतो तेव्हा त्याला ही माणसं भेटायलाच हवीत, असं मला मनापासून वाटतं.

ऱ्हस्व-दीर्घ स्वतःच सुधारा, त्यावर चर्चा नको. बाकी सगळं चर्चा पानावर, नवा विभाग काढून लिहा. जमलेलं काय ते आधी, आणि तेही नेमकं. मग आशयाच्या चुका, संदर्भ आणि शेवटी मांडणी. ‘भाषा सुधारा’ म्हटल्याने कुणाला काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं लिहा: ‘‘‘इतिहास’’ विभाग, दुसरा परिच्छेद: लीग हे अंतर आहे, खोली नव्हे. कादंबरीचा संदर्भ देऊन वाक्य बदलावं.’ खाली चार टिल्डे टाकून सही करा.

लेखकाला आठ-दहा दिवस द्या. तो परतला की फक्त बदललेला भाग वाचा आणि मिटलेल्या प्रत्येक मुद्द्याखाली ‘झालं’ अशी नोंद करा. एखाद्या मुद्द्यावर दोघांचं जमत नसेल, तर दोन्ही बाजूंचे संदर्भ तिथेच मांडून तिसऱ्या सदस्याला बोलवा.