लष्करात एआय आले. भरतीची तयारी आता कशी करावी?

आष्टी-पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंत बीड जिल्ह्यात पहाटे रस्त्याने धावणारी मुले दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लष्कर भरती असते. त्यांचे आईवडील आता विचारतात, "लढाई यंत्रेच करणार असतील, तर आमच्या पोराला कोण घेणार?" काळजी रास्त आहे. पण माणसाची गरज संपलेली नाही. त्याच्याकडून असलेली अपेक्षा वाढली आहे.

ड्रोन, उपग्रह आणि रडारकडून येणारी अफाट माहिती एआय झटपट चाळते, संशयास्पद हालचाल हेरते आणि अधिकाऱ्यापुढे पर्याय ठेवते. भारतात 2019 मध्ये यासाठी संरक्षण एआय परिषद स्थापन झाली. निर्णयाची जबाबदारी मात्र यंत्रावर टाकता येत नाही. 26 सप्टेंबर 1983 रोजी सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. ड्युटीवरचे अधिकारी स्टानिस्लाव पेत्रोव यांना शंका आली: खरा हल्ला एवढ्या थोड्या क्षेपणास्त्रांनी कोण करेल? त्यांनी इशारा खोटा ठरवला, आणि तो खोटाच होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. तेव्हा आजच्यासारखे एआय नव्हते. आज यंत्राचे उत्तर अधिक वेगाने येते, म्हणून शंका घेण्याची तयारी आधीच हवी.

शंका घेण्याच्या या सवयीसोबत भरतीची तयारी अशी करता येईल:

दहावीनंतर: छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था (एसपीआय) मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी (एनडीए) घडवते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे. 2022 पासून एनडीएत मुलीही दाखल होत आहेत.

बारावीनंतर: चार वर्षांच्या सेवेसाठीच्या अग्निवीर भरतीत 2023 पासून आधी ऑनलाइन परीक्षा आणि मग मैदानी चाचणी (ग्राउंड) होते. टेक्निकल पदासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी लागते. नियमानुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात. म्हणून पुढच्या शिक्षणाचा विचार पहिल्या दिवसापासून करा.

अभियांत्रिकीनंतर: गेट परीक्षा देऊन पुण्यातील गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेत पुढे शिकता येते. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओत शास्त्रज्ञ होण्याचा मार्गही खुला आहे.

पालकांनो, 'एआय कोर्स'च्या जाहिराती पाहून जमीन गहाण टाकू नका. मुलाचे गणित आणि इंग्रजी आधी पक्के करा. विद्यार्थ्यांनो, पहाटेचे धावणे सोडू नका, पण संध्याकाळचे दोन तास गणिताला द्या आणि प्रत्येक उत्तराला "हे कशावरून?" असे विचारायची सवय लावून घ्या.