चित्रकाराचे घर : पाहावे कसे, जपावे कसे

कलावंताचे चित्र कोणत्याही दालनात पाहता येते. परंतु ते ज्या जागी जन्मले, ती जागा केवळ त्याच्या घरातच दिसते. म्हणून चित्रकारांची निवासस्थाने संग्रहालये म्हणून जतन करण्यास शैक्षणिक महत्त्व आहे.

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण कोल्हापूर येथे आहे. 'शेजारी' (1941) या चित्रपटातील भूमिकेने रसिकांना परिचित झालेले नट चंद्रकांत मांडरे (1913–2001) हे निष्ठावंत चित्रकारही होते. राजारामपुरीतील 'निसर्ग' हे आपले राहते घर त्यांनी चित्रांसह, हयातीतच, शासनाच्या स्वाधीन केले. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत ते आज कलासंग्रहालय आहे. तेथे तैलरंग व जलरंगातील चित्रांबरोबरच 'पावडर शेडिंग', म्हणजे कोरड्या भुकटीने छटा साधण्याच्या पद्धतीने काढलेली निसर्गचित्रे आहेत.

दात्याने स्वतः सोपविल्यामुळे येथे वास्तू आणि संग्रह एकत्र राहिले. सर्वत्र असे घडत नाही. डच चित्रकार रेम्ब्राँ याने अॅमस्टरडॅम येथे 1639 साली घेतलेले घर कर्जापायी गेले. 1656 साली दिवाळखोरीच्या वेळी अधिकाऱ्यांनी खोलीवार वस्तूंची यादी केली. घर 1911 मध्ये संग्रहालय झाले आणि पुढे त्या यादीच्याच आधारे खोल्या पूर्ववत मांडण्यात आल्या. जप्तीचा तो कागद वारशाचा रक्षक ठरला.

शालेय सहलीत असे घर पाहताना शिक्षकांनी तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत : उजेड कोठून येतो? कोणती साधने वापरली गेली? कोणता विषय चित्रांत पुन्हा पुन्हा येतो? उत्तरे रेखाटनासह वहीत लिहून घ्यावीत. चित्रांना स्पर्श करू नये, हेही निघण्यापूर्वीच सांगावे.

मोताळा तालुक्यातून कोल्हापूर दूर आहे. परंतु जतनाचा हा धडा गावातच गिरविता येईल. बुलडाणा जिल्ह्यातच सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवांचा राजवाडा जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून जपला गेला आहे. गावातील मूर्तिकार, भित्तिचित्रे काढणाऱ्या स्त्रिया, नाटकाचे पडदे रंगविणारे कारागीर यांची घरे मात्र कोणत्याही यादीत सहसा नसतात. ग्रामपंचायतीने शाळेच्या साहाय्याने अशा व्यक्तींची नावे, त्यांची कामे आणि साधने यांची नोंदवही ठेवावी व त्यांच्या संमतीने छायाचित्रे घ्यावीत. यास एक वही आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे. कलावंत हयात असताना झालेली नोंदच सर्वांत विश्वसनीय होय.