पाठ १४ : हरवलेल्या गल्ल्या, उरलेली नावे

प्रस्तावना

'चर्चगेट' हे मुंबईतील रेल्वेस्थानक सर्वांना परिचित आहे. 'गेट' म्हणजे दरवाजा. परंतु स्थानकाबाहेर येऊन कितीही शोध घेतला, तरी तेथे दरवाजा आढळत नाही. मग हे नाव कोठून आले? शहरे बदलतात, रस्ते रुंद होतात, घरे पाडली जातात. तरी जुन्या वस्तीच्या खुणा नावांच्या रूपाने मागे राहतात. प्रस्तुत पाठात आपण व्हिक्टोरिया राणीच्या काळात मुंबईचे जुने रूप कसे नाहीसे झाले, त्यामुळे कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, याचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• मुंबईच्या नगररचनेत झालेल्या बदलांची कारणे सांगता येतील;
• नगरसुधारणेचे लाभ आणि तिची किंमत यांची तुलना करता येईल;
• स्थळनावांवरून स्थानिक इतिहासाचा वेध घेता येईल.

मूळ पाठ

१. कोट आणि त्याचे दरवाजे

अठराव्या शतकात मुंबई शहराला तटबंदी होती. तटाच्या आतील भागाला लोक 'कोट' म्हणत. कोटाला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे होते. चर्चगेटजवळ पवनचक्की असल्यामुळे देशी लोक त्याला 'पवनचक्की' याच नावाने ओळखत. आत इंग्रजांच्या कचेऱ्या व वखारी होत्या, तशाच पारशी, गुजराती व इतर व्यापाऱ्यांच्या दाट वस्तीच्या गल्ल्याही होत्या. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली. त्यानंतर बरीच देशी वस्ती कोटाबाहेर उत्तरेकडे सरकली आणि आधीच गजबजलेली मांडवी, भुलेश्वर यांसारखी ठिकाणे अधिकच दाट झाली.

१८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर झाले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. शत्रूच्या भीतीने बांधलेले तट आता केवळ अडथळा ठरत होते. फ्रिअर यांच्या कारकिर्दीत ते पाडण्यात आले, दरवाजे गेले, खंदक बुजले. मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय या भव्य इमारती उभ्या राहिल्या.

योगायोग असा, की गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ मध्ये, म्हणजे नेमके या स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध झाले. म्हणूनच शहराचे पूर्वीचे रूप जाणून घेऊ इच्छिणाऱ्याला हे मराठी पुस्तक आजही मोलाचे वाटते.

२. माडी, गुत्ते आणि वाड्या

कोटाबाहेरची गिरगावची बाजू तेव्हा नारळी-पोफळींच्या बागांनी आणि वाड्यांनी भरलेली होती. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे त्या बागांचीच आठवण देतात. ताडामाडांवर चढून ताडी-माडी काढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. माडीचे दुकान ही केवळ पिण्याची जागा नव्हती. दिवसभर राबलेली माणसे तेथे टेकत, गावाकडची खबरबात विचारत, कामाची चौकशी करत. अर्थात व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरेही याच शहरात होती. तेव्हा या दुकानांचे केवळ कौतुक करून चालणार नाही.

१८७८ च्या अबकारी कायद्यानंतर सरकारने मद्यावरील नियंत्रण कडक केले आणि झाडांवरील कर वाढवला. लहान माडीवाल्याला धंदा परवडेना. अनेक भंडाऱ्यांनी दुसरी कामे धरली. बागांच्या जागी चाळी आल्या. अशा रीतीने गल्ली पाडण्यापूर्वीच गल्लीतील एक जुना व्यवहार कायद्याने मोडकळीस आणला.

३. प्लेग आणि सुधारणेचा नांगर

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. धान्याच्या वखारी, उंदीर आणि दाट वस्ती यांमुळे रोग झपाट्याने पसरला. हजारो माणसे दगावली. लाखो शहर सोडून गेली. अंधाऱ्या, कोंदट घरांत रोग वाढतो, अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. परंतु ते सर्वमान्य होण्यास बराच काळ जावा लागला.

१८९८ मध्येच कायदा करून 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन करण्यात आला. दाट वस्ती चिरून समुद्राचा वारा आत खेळवावा, या हेतूने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते आखले गेले. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरांची खूण करण्यात येई. ती खूण दिसली, की त्या घराचे दिवस भरले, असे समजले जाई.

नवे रस्ते प्रशस्त होते, हवा खेळती झाली, सांडपाण्याची सोय सुधारली. हे लाभ नाकारता येणार नाहीत. परंतु भरपाई मिळाली ती घरमालकाला. भाडेकरूच्या हाती केवळ बोचके राहिले. सुरुवातीच्या काळात जितकी बिऱ्हाडे उठवली, तितकी नवी घरे तयार नव्हती. उठवलेली माणसे कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नव्हती. ती शेजारच्या गल्लीत दाटीवाटीने शिरली आणि तेथील भाडे वाढले. म्हणजे एका ठिकाणची गर्दी मोडली, ती दुसऱ्या ठिकाणी साचली. पुढे ट्रस्टने चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. तथापि सर्वांत गरीब माणसाला तेथील घर सहज परवडणारे नव्हते.

४. इतरत्र काय घडले?

हा अनुभव मुंबईपुरता मर्यादित नव्हता. ग्लासगो शहरात १८६६ मध्येच असा ट्रस्ट स्थापन झाला होता. लंडनमध्ये 'ऑक्सफर्ड आर्म्स' ही जुनी सराई पाडली जाणार, हे कळताच काही नागरिकांनी १८७५ मध्ये तिची छायाचित्रे काढून घेतली. सराई वाचली नाही. पण त्या प्रयत्नातून जुन्या लंडनची छायाचित्रे जतन करणारी संस्था उभी राहिली. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडीस यांनी वेगळा मार्ग सुचवला. सगळी वस्ती पाडण्याऐवजी आवश्यक तेवढीच घरे काढावीत आणि बाकीची वस्ती सुधारावी, असे त्यांचे मत होते. कुशल वैद्य आजारी भागापुरतीच शस्त्रक्रिया करतो, तसाच हा विचार होय.

स्वतंत्र भारतात चंदीगड हे नवे शहर उभे राहिले. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे आराखड्याचे काम आले. हे शहर कोऱ्या जागेवर वसले, असे म्हटले जाते. पण तेथे शेती होती, आमराया होत्या, गावे होती. अनेक गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. बुडैल, अटावा यांसारखी काही गावे मात्र आखीव सेक्टरांच्या मध्ये आपल्या वळणावळणाच्या गल्ल्यांसह टिकून राहिली. खुद्द शहराचे नावही चंडीदेवीच्या जुन्या मंदिरावरून आले आहे.

२०१६ मध्ये चंदीगडमधील कॅपिटॉल संकुलाला आणि २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ज्यांच्यासाठी जुने पाडले, त्या नव्या वास्तूच आज जपण्याजोग्या 'जुन्या' झाल्या आहेत. म्हणून कोणतीही वस्ती पाडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : येथे राहणारा माणूस उद्या कोठे जाईल? आणि येथे काय होते, हे पुढच्या पिढीला कसे कळेल?

शब्दार्थ

कोट – तटबंदी, किल्ला. वखार – माल साठवण्याची जागा. गुत्ता – परवान्याचे दारूचे दुकान. अबकारी – मद्यावरील कर. स्थित्यंतर – बदल. बिऱ्हाड – भाड्याने राहणारे कुटुंब, संसार.

पाठगत प्रश्न

रिकाम्या जागा भरा.
१. मुंबईतील प्लेगचे निदान डॉ. ............ यांनी केले.
२. 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक ............ मध्ये प्रसिद्ध झाले.
३. 'दिवस भरणे' या वाक्प्रचाराचा पाठातील अर्थ ............ असा आहे.

तुम्ही काय शिकलात

• व्यापार, आरोग्य आणि राज्यकारभाराच्या गरजा यांमुळे मुंबईचे जुने रूप पालटले.
• सुधारणेचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही; भाडेकरूंना अधिक झळ सोसावी लागली.
• वास्तू नष्ट झाल्या, तरी स्थळनावे इतिहासाचा पुरावा म्हणून उरतात.

पाठान्त प्रश्न

१. कोटाचे तट का पाडण्यात आले, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
२. 'एका ठिकाणची गर्दी मोडली, ती दुसऱ्या ठिकाणी साचली' – स्पष्ट करा.
३. तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या जुन्या नावाविषयी वडीलधाऱ्यांना विचारा आणि मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. अकासियो व्हिएगस  २. १८६३  ३. शेवट जवळ येणे