अरवली : खचदरीतून उभा राहिलेला पर्वत

सह्याद्रीच्या कड्यात लाव्ह्याचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे रचलेले दिसतात. अरवलीतील थरांना मात्र घड्या पडलेल्या आहेत. काही ठिकाणी ते अगदी उभे झाले आहेत. या फरकाचे कारण अरवलीच्या जन्मकथेत आहे.

दिल्लीपासून गुजरातच्या सीमेपर्यंत सुमारे ६९० किलोमीटर पसरलेल्या या पर्वताच्या जागी एके काळी खचदरी होती. दोनशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी येथील प्राचीन भूकवच ताणले जाऊन फाटले व मधला भाग खचला. भेगांतून लाव्हा वर आला. पुढे खोलगट भागात समुद्र शिरला आणि वाळू, चिखल व चुनखडी यांचे थर साचत गेले.

याचे पुरावे आजही सापडतात. उदयपूरजवळील झामरकोटडा येथे फॉस्फेटयुक्त खडकात स्ट्रोमॅटोलाइट आहेत. उथळ पाण्यातील सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेल्या या रचना म्हणजे त्या समुद्राची साक्षच होय. त्याच परिसरात जावर येथे शिसे व जस्त मिळते. खचदरीच्या भेगांतून फिरणाऱ्या उष्ण, क्षारयुक्त पाण्याने ही धातुके आणली, असे मानले जाते. मध्ययुगात तेथे मातीच्या मुशींतून जस्त काढीत असत.

पुढे ताणाची जागा दाबाने घेतली. दोन्ही बाजूंचे भूखंड जवळ सरकले, मधला गाळ चेपला गेला, त्याला घड्या पडल्या आणि तो वर उचलला गेला. वालुकाश्माचे क्वार्टझाइट झाले, चुनखडकाचा संगमरवर झाला. मकराण्याचा संगमरवर असाच घडला. ताजमहाल त्याचाच बांधलेला आहे. फाटणे व मिटणे असे हे चक्र एकदाच झाले नाही. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी दुसऱ्या खोऱ्याच्या गाळालाही अशाच घड्या पडल्या. त्यानंतर ऊन, वारा व पाऊस यांनी पर्वत झिजत गेला. आज अबूजवळील गुरुशिखर १७२२ मीटर उंच आहे, तर दिल्लीजवळ केवळ खडकाळ टेकड्या उरल्या आहेत.

या ठेंगण्या टेकड्यांना पर्वत म्हणावे काय, हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकामाच्या संदर्भात, सभोवतालच्या जमिनीपेक्षा १०० मीटर वा अधिक उंच तीच अरवली टेकडी, ही व्याख्या मान्य केली. डिसेंबरात स्वतःच तिला स्थगिती दिली. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून एक गोष्ट कळते. पर्वताची ओळख त्याच्या घडणीत असते. लहान टेकडीतही तोच घडी पडलेला क्वार्टझाइट असतो आणि त्याच्या भेगांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते. तो खडक फोडून खडी केली, तर पुन्हा घडवायला निसर्गाला कोट्यवधी वर्षे लागतील. तेवढा अवकाश मनुष्याजवळ नाही.