मुहूर्त गोरजाचा धर, पोरी

छोटे, तुझं साक्षगंध झालं त्या रात्रीपासून तू मला एकामागून एक फोटो पाठवते आहेस. उदयपूरचा महाल, झुंबराखालचं स्टेज, शेवाळी रंगाचा आरसेवाला लेहेंगा. प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न, "ताई, हे जमेल ना?" जमेल गं. पैसे मोजले की काहीही जमतं. पण तुझं लग्न मे महिन्यात आहे आणि वर्ध्यात आहे. त्या फोटोंतली एकही नवरी घामेजलेली नाही, हे पाहिलंस का?

माझ्या लग्नात तू आठ वर्षांची होतीस. तुला आइस्क्रीम आठवत असेल. मला काय आठवतं ते आज सांगते, आईसमोर कधी बोलले नाही. मुहूर्त होता दुपारी बारा वीसचा. वरात वेळेवर निघाली, पण नवरदेवाच्या मित्रांना प्रत्येक चौकात नाचायचं होतं. आले पावणेदोनला. कार्यालयात चार कूलर, चारही एकाच लायनीवर. व्हिडिओवाल्यानं आपले दिवे त्याच लायनीला जोडले आणि सगळं ठप्प झालं. माझ्या अंगावर जरीचा शालू, वर शेला, डोक्याला मुंडावळ्या. मंगलाष्टकं म्हणायची हौस पाच जणींना. काजळ गालावरून हनुवटीला पोचलं होतं. तिसऱ्या मंगलाष्टकाला माझ्या मावससासूबाई मटकन खाली बसल्या. कुणी तळपायाला कांदा चोळला, कुणी हातपंख्यानं वारा घातला. शेवटी एका शहाण्या मामांनी ओला दुपट्टा गुंडाळून त्यांना दवाखान्यात नेलं. माझ्या अल्बममध्ये त्यांचा एकही फोटो नाही. पुढं वर्षभर सासरी मी ऐकत होते, "सुनेच्या लग्नात ऊन लागलं." जसा काही सूर्य मी माहेरून आणला होता!

म्हणून तुला लेहेंग्याच्या आधी वेळेचं सांगते.

आपल्याकडं लग्नं उन्हाळ्यातच का होतात, ते तुला ठाऊक आहे. कापूस विकून हातात पैसा आलेला असतो, शेत रिकामं असतं, पोरांना सुट्या असतात, आणि ७ जूनच्या आसपास मृग लागला की कुणाला फुरसत नसते. त्यात २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं लागत नाहीत. तेव्हा यंदा सगळी गर्दी एप्रिलात आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात. एका परीनं बरंच झालं, २५ मेनंतरचा नवतपा तरी टळला. तुझी तारीख पहिल्या आठवड्यातली निघाली आहे. पण त्या दिवसांत वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेला तर कुणाला नवल वाटत नाही.

गुरुजींना सांग, गोरज मुहूर्त काढून द्या. गाई रानातून परततात ती वेळ. कुणी ही नवी फॅशन म्हटलं तर त्यांना पंचांग उघडून दाखव, आपल्या आजीपणजीची लग्नं याच वेळेला लागत. मेच्या सुरुवातीला आपल्याकडं सूर्य साधारण पावणेसातला मावळतो. साडेसहाला वधूवर आंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे, उजेड सोनेरी, फोटोवाल्याला दिव्यांची गरज नाही. वरातीला साडेपाचच्या आधी निघू देऊ नकोस आणि दोनच चौक मोजून दे. रात्री दहानंतर भोंगे बंद करावे लागतात, कायदाच आहे, आणि मला तर तो कायदा फार आवडतो. नऊपर्यंत पंगती उठतात, म्हातारी माणसं वेळेवर झोपतात. काकांना "लोक काय म्हणतील" वाटलं तर त्यांना माझ्याकडं पाठव, मी मावससासूबाईंची गोष्ट सांगते.

एक खरं सांगून ठेवते. सूर्य मावळला म्हणजे गारवा आला असं नसतं. सिमेंटचं अंगण रात्री नऊपर्यंत धगधगत राहतं. म्हणून कार्यालय बघायला जाशील ते संध्याकाळी सातला जा, सकाळी नको. चप्पल काढून फरशीवर उभी राहा. तळव्याला चटका बसला तर फुकट मिळालं तरी घेऊ नकोस. त्यापेक्षा मामांच्या वाडीतली मातीची मोकळी जागा घे. दुपारी चारला पाण्याचा सडा, साडेपाचला आणखी एक.

आणि मांडव. तुझ्या फोटोतले पांढरे शामियाने दिसतात छान, पण खाली उकाडा कोंडतो. आपल्याकडं जांभळाच्या डहाळ्यांचा हिरवा मांडव घालतात, तो काही केवळ रीत म्हणून नाही. त्याखाली उभी राहा, म्हणजे कळेल. सेवाग्रामला बापूकुटीत तू शाळेच्या सहलीतून गेली असशील. गांधीजी ३० एप्रिल १९३६ला त्या गावी आले, म्हणजे ऐन आपल्या उन्हाळ्यात. तेव्हा ते शेगाव होतं, सेवाग्राम हे नाव १९४०चं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, खाली उतरलेलं छप्पर, बाजूला ओसरी. मे महिन्यात बाहेरून आत पाऊल टाकलं की फरक अंगाला कळतो. तुझ्या डेकोरेटरला एकदा तिथं घेऊन जा आणि म्हण, असं करा. बांबू, तट्ट्या, वाळ्याचे ओले पडदे, बसायला ठेंगण्या बाजा. फक्त प्री-वेडिंगचे फोटो काढायला तिथं जाऊ नकोस बाई. ते राहतं आश्रमाचं घर आहे, तिथं लोक प्रार्थनेला बसतात.

आता कापड. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा जीव इथंच अडकला आहे.

तू खादी म्हटलं की नाक मुरडतेस, पुढाऱ्याचा कुर्ता डोळ्यांसमोर येतो. इंदिरा गांधींनी १९४२ला लग्नात गुलाबी खादीची साडी नेसली होती, नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची. तिचा फोटो शोधून बघ. तुझ्या त्या आरसेवाल्या लेहेंग्यापुढं कोण जास्त देखणं दिसतं ते मग मला सांग. आणि हे आपल्या गावात दाराशी आहे. मगनवाडीत मगन संग्रहालय आहे, गांधीजींनी १९३८ला उघडलेलं, पुतण्या मगनलालच्या नावाचं. तिथली खादी झाडापाल्याच्या रंगांत रंगवतात. नीळ, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, हरडा, पळसाची फुलं. पळसाचा तो पिवळा एकदा उन्हात धरून बघ. गोपुरीला ग्रामसेवा मंडळ आहे, विनोबांच्या काळापासूनचं. हाताच्या सुताला बारीक उंचसखलपणा असतो, विणीत हवा खेळते, घाम टिपला जातो. जरीच्या कापडाला हे येत नाही.

पण खादी घ्यायचीही अक्कल लागते. नऊवारी हवी असेल तर ती मांडणीतून उचलून मिळेल असं धरू नकोस, तेवढ्या लांबीचं सांगून विणून घ्यावं लागेल. म्हणून जानेवारीतच जा. नवरदेवाचा कुर्ता तुझ्या काठाशी जुळवायचा असेल तर दोन्ही कापडं एकाच खेपेतली घे. नैसर्गिक रंग दर खेपेला थोडा वेगळा उतरतो, दुसऱ्या खेपेत "तोच" रंग मिळत नाही. ओला पांढरा रुमाल काठावर घासून बघ. गडद नीळ सुरुवातीला हाताला लागते. तू मोतिया साडीत आणि तो निळ्या कुर्त्यात असला, आणि सप्तपदीत पदराला गाठ मारली, तर सासरी पोचेपर्यंत तुझ्या पदरावर त्याची खूण! ब्लाउज शिवायच्या आधी कापड साध्या पाण्यातून काढ, खादी आटते. आणि त्या दिवशी लिंबू-सरबताचा पेला साडीपासून दूर धर, आंबटानं हे रंग पालटतात.

रिसेप्शनला रेशीमच हवं असेल तर भंडाऱ्याकडची टसरची करवतकाठी घे. काठाला करवतीचे दाते असतात म्हणून ते नाव. विदर्भाची नवरी पैठणीतच दिसली पाहिजे असं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मेकअपवालीला थर कमी लावायला सांग. केस वर बांध आणि मोगरा माळ. मोगरा उन्हाळ्याचाच. परदेशी गुलाब आणि ऑर्किड आपल्या उन्हात तासाभरात माना टाकतात, झेंडूही दुपारी काळवंडतो. गजरे ओल्या फडक्यात, केळीच्या पानात गुंडाळून सहाला आणव. मेच्या सुरुवातीला रस्त्याकाठचा बहावा पिवळ्या घोसांनी लगडलेला असतो. अक्षतांसाठी पोरांना खाली पडलेल्या पाकळ्या वेचायला पाठव. तांदूळ पायदळी जात नाहीत, आजीही रागवत नाही.

जेवणाचं फार सांगत नाही, आई ऐकणारच नाही. एवढंच, पनीर, मावा आणि चाटचा काउंटर उन्हाळ्यात नकोच. आलूवांगं, पोळी, वरण-भात, कढी, सांबारवडी, मठ्ठा आणि आमरस. पुण्या-मुंबईहून समृद्धीनं येणारी तुझी मित्रमंडळी आलूवांग्याच्या तर्रीचं नाव काढतील, बघ. दारातच पन्हं आणि माठाचं पाणी. बाजारचा बर्फ पेल्यात पडू देऊ नकोस. जाताना हातात गोरसपाकाचं पुडकं दे. चॉकलेटं गाडीत वितळतात, गोरसपाक टिकतो, आणि तो वर्ध्याचाच. राहता राहिली दारू. आपला जिल्हा दारूबंदीचा आहे. नवरदेवाच्या मित्रांना आधी निरोप धाड, म्हणजे वरातीत कुणी डिकी उघडून लाज काढणार नाही.

हॉल मिळत नाही, तारखा संपल्या म्हणून परवा तू रडलीस. तेव्हा मला इंदुमती गुणाजी आठवल्या. बेळगावकडच्या. त्यांना पत्रकार आ. ग. तेंडुलकरांशी लग्न करायचं होतं. गांधीजींनी अट घातली, पाच वर्षं एकमेकांपासून दूर राहा. दोघांनी मानली. मधली वर्षं तुरुंगात गेली. १९४५च्या ऑगस्टमध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या समोर त्यांचं लग्न लागलं. ना शालू, ना रोषणाई. मला ती पाच वर्षांची अट मुळीच पटत नाही, कुणाच्या मनावर असा पहारा बसवू नये. पण त्या लग्नाचा विचार केला की माझ्या लग्नातल्या चार कूलरांचं मला हसू येतं. हॉल मिळेल गं.

तू म्हणालीस, "ताई, सगळ्यांसारखं नको, माझं वाटलं पाहिजे." त्यावर मी बरेच दिवस विचार केला. माझ्या लग्नात सगळं होतं, पण माझं असं काहीच नव्हतं. हार बाजारचे, रुखवत भाड्यानं आणलेलं, पत्रिकेवरचा मजकूरही छापखान्याचा. आणि घरात एक गोष्ट होती, ती कुणालाच आठवली नाही.

आपली आजी पेटीचरखा चालवायची, तुला पुसटसा आठवत असेल. दुपारी जेवणं झाली की ओसरीवर बसून कातायची. सूत खादी भांडारात द्यायची, बदल्यात कापड आणायची. माझं लग्न ठरलं त्या वर्षी तिनं सूत दिलंच नाही. मी विचारलं, "आजी, काऊन साठवतेस वं?" ती म्हणाली, "असू दे, लागते." लग्नाच्या गडबडीत ती एका कोपऱ्यात बसून होती, आणि मी तिला नमस्कार करून निघून गेले. सूतमाळ आपल्या वर्ध्यात पाहुण्याच्या गळ्यात घालतात, नवरीनं नवरदेवाच्या गळ्यात घालावी असं तिच्या मनात होतं. ते मला आईनं सांगितलं, आजी गेल्यावर.

त्या सुताच्या सात गुंड्या माझ्या कपाटात आहेत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या. दोन माळांना दोन गुंड्या पुरतील. येत्या रविवारी ये, पण सकाळी आठच्या आत ये.