परसांतील वाफा आणि खुराडें



आश्विन लागला म्हणजे कंधारच्या परिसरांत पावसाचा जोर ओसरतो, मन्याडीचें पाणी निवळूं लागतें, सोयाबीनची काढणी होते आणि ज्वारी व हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुरू होते. या घाईंत घरामागील चार हात जमिनीकडे कोणाचें लक्ष नसतें. तथापि परस हातीं घेण्यास याहून सोयीचा काळ नाहीं. कारण भूमींत ओल असते, आडाला पाणी असतें व थंडी पुढें असते. या धड्यांत भाजी व कोंबड्या यांचा एकत्र विचार करूं. कारण एकाचें टाकाऊ तें दुसऱ्याचें अन्न होय.

१. वाफा. आपली काळी जमीन भिजली म्हणजे चिकटते व वाळली म्हणजे भेगाळते. म्हणून वाफा वीतभर उंच करावा व मातींत कुजलेलें शेणखत मिसळावें. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर व मुळा यांचें बीं एकाच दिवशीं पेरूं नये. दर पंधरा दिवसांनीं थोडथोडें पेरावें, म्हणजे भाजी एकदम येऊन वायां जात नाहीं. मेथी सुमारें एका महिन्यांत खुडण्याजोगी होते. वांगीं, टोमॅटो व मिरची यांचीं रोपें संध्याकाळीं लावावीं, नाहीं तर आश्विनाच्या उन्हांत तीं माना टाकतात. न्हाणीचें सांडपाणी शेवगा, पपई व केळ यांच्या आळ्यांत सोडावें. कच्चीं खावयाच्या भाज्यांवर तें ओतूं नये.

ही भाजी केवळ चवीसाठीं नव्हे. दिवेलागणीनंतर ज्या मुलास नीट दिसत नाहीं, त्याच्या आहारांत बहुधा 'अ' जीवनसत्त्वाची उणीव असते. शेवग्याचा पाला, पालक, पिकलेली पपई व अंड्यांतील पिवळा बलक यांनीं ती भरून येते. असें मूल घरीं असल्यास त्याला वैद्याकडे तर न्यावेंच, पण ताटही बदलावें. सर्व अंडीं बाजारांत पाठवून मुलास कोरडी भाकर देणें हा फायद्याचा व्यवहार नाहीं.

२. खुराडें. या दिवसांत कोंबड्यांचीं पिसें झडतात व अंडीं कमी होतात. ही नजर नव्हे आणि करणीही नव्हे. भरपूर अंडीं देण्यास कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. आपल्याकडे पौषापर्यंत दिवस अकरा तासांवर येतो. शिवाय नवीं पिसें उगवण्यास तिचें बळ खर्चीं पडतें. अशा वेळीं ज्वारीच्या कण्यांबरोबर वाळवी, भाजीचे देठ व अंड्यांच्या कवचांचा चुरा द्यावा. खुराड्याजवळ राख व बारीक माती यांचा खड्डा ठेवावा. त्यांत लोळून कोंबडी आपल्या उवा आपणच झाडते. एखादी खुडूक झाल्यास आठवड्याच्या आंतील दहा-बारा अंडीं तिच्याखालीं ठेवावीं. एकविसाव्या दिवशीं पिलें निघतात.

३. कुंपण. वाफा व खुराडें हे जवळचे सोयरे खरे, पण एका अंगणांत मोकळे ठेवण्याजोगे नव्हेत. गेल्या सालच्या तुराट्यांचें व पऱ्हाट्यांचें कमरेइतकें कुंपण घालावें. कोंबड्यांची विष्ठा ताजी घातल्यास मुळें जळतात. पालापाचोळा व माती यांच्या थरांत ती दोन-तीन महिने कुजवावी, मग ती उत्तम खत होते.

४. मानमोडी. येथें आम्हांस स्वतःची चूक सांगणें भाग आहे. एका कार्तिकांत आम्ही आठवडी बाजारांतून दोन तलंगा स्वस्तांत आणिल्या व त्याच रात्रीं जुन्या कोंबड्यांत सोडिल्या. आठ दिवसांत आमचें खुराडें रिकामें झालें व शेजारच्या तीन घरांचींही. गल्लीनें बोट दाखविलें तें एका निराधार म्हातारीकडे. तिची दृष्ट लागली, असें लोक म्हणूं लागले. रोग आमच्या दारांतून शिरला हें आम्हांस कळून चुकलें होतें; तरी लाजेनें आम्ही चार दिवस गप्प राहिलों. त्या चार दिवसांत कोणी तिला आडावर पाणी भरूं दिलें नाहीं. पुढें आम्ही घरोघर जाऊन खरें सांगितलें. पण ते चार दिवस तिला परत देतां आले नाहींत.

या रोगास राणीखेत असेंही म्हणतात. हिरवट-पांढरी हगवण, धाप व मुरडलेली मान हीं त्याचीं चिन्हें. तो विषाणूमुळें होतो व एकदां जडल्यावर त्यावर औषध नाहीं. लस मात्र आहे: पहिल्या आठवड्यांत पिलाच्या डोळ्यांत किंवा नाकांत लासोटा लशीचा थेंब, व आठव्या आठवड्यांत दुसरी लस सुईनें. नवी कोंबडी आणल्यास दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखालीं ठेवावी. आजारी कोंबडी घाईनें बाजारांत विकणें म्हणजे शेजाऱ्याच्या घरीं रोग पाठविणें होय. मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकतां खोल पुरून वर चुना घालावा. अनेक कोंबड्या एकाएकीं मेल्या तर त्यांस हात न लावतां पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. कारण २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास व २०२१ सालीं आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गावीं बर्ड फ्लू आढळला होता, आणि तो रोग क्वचित् मनुष्यासही होतो.

सारांश, परसाची राखण कुंपणानें होते, पण शेजाराची राखण खरें बोलण्यानें होते. पहिली मेथी खुडाल तेव्हां एक जुडी भिंतीपलीकडे द्यावी.

अभ्यासासाठीं प्रश्न: (१) आश्विन-कार्तिकांत अंडीं कां कमी होतात? (२) ताजी विष्ठा वाफ्यांत कां घालूं नये? (३) आपल्या गल्लींत रोग आला असतां आपण प्रथम कोणास कळवाल, व कोणाविषयीं बोलण्याचें टाळाल?